मेश्रामताई : एका वेळी एकच बदल

मेश्रामताई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा मी त्यांना सरबत दिलं, खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्याच नाहीत. बाथरूमच्या दाराशी पडलेल्या वजनकाट्याकडे बघत उभ्या राहिल्या.

“हा शेवटचा कधी तपासला?”

“त्यात काय तपासायचं?” मी म्हटलं. “वजनाचा काटा आहे तो.”

“तेच म्हणते मी. तो वजन बरोबर दाखवतो हे तुला कोणी सांगितलं?”

त्यांनी माझ्याकडून तांदळाची न फोडलेली पाच किलोची पिशवी मागवली, काट्यावर ठेवली, वाकून आकडा वाचला आणि खूश होऊन सरळ झाल्या. “साडेपाच दाखवून राहिला. म्हणजे तू समजतेस त्यापेक्षा अर्धा किलो बारीक आहेस. दे आता सरबत.”

सिंगापूरला येऊन मला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. जुरॉंग वेस्टला त्यांचा आणि आमचा फ्लॅट एकाच ब्लॉकमध्ये होता आणि तुआसच्या ज्या कारखान्यात मी खरेदी विभागात लागले, तिथेच त्या इंजिनिअर होत्या. नाव अरुणा मेश्राम, नागपूरच्या. यजमान सुधाकरराव एका प्रयोगशाळेत रसायनशास्त्राचं संशोधन करायचे, बोलायचे कमी आणि चहा उत्तम करायचे. मुलगी मितू प्रायमरी शाळेत. तिच्याशी मराठीत बोललं की उत्तर हमखास इंग्रजीत यायचं आणि शेवटी तिथल्या बोलण्यातला एक ‘लाह’ चिकटलेला असायचा.

ताईंचं काम कॅलिब्रेशनचं. कारखान्यात जहाजांसाठी पंप आणि व्हॉल्व्ह बनायचे. ते तपासायला दाब मोजणारी, तापमान मोजणारी शेकडो उपकरणं होती. ती मोजणारी उपकरणंच चुकली तर? म्हणून प्रत्येक उपकरण ठरलेल्या मुदतीनं ताईंच्या खोलीत यायचं. तिथे खात्रीचा एक गेज, म्हणजे दाबमापक, होता, त्याला ‘मास्टर’ म्हणत. त्याच्याशी ताडून बघायचं, बरोबर निघालं तर स्टिकर लावायचा आणि स्टिकरवर ताईंची सही. ती सही नसेल तर उपकरण वापरायचं नाही, मग साहेब का येईनात.

“यंत्र एकदम बिघडलं तर सोपं असतं,” त्या म्हणायच्या. “कोणालाही कळतं. हळूहळू बिघडतं ना, ते पकडायला माणूस लागतो.”

दुसरं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, “एका वेळी एकच बदल.” हाताखालच्या पोरांनी एखादं उपकरण दुरुस्त करताना दोन स्क्रू एकदम फिरवले की ताईंचा पारा चढे. “आता सांगा, फरक कशानं पडला? ह्या स्क्रूनं की त्या? नाही सांगता येत ना? मग सगळं पहिल्यासारखं करा आणि पुन्हा सुरू करा.”

सकाळी बून ले स्टेशनजवळून कंपनीची बस सुटायची. ताईंच्या अंगात सलवार-कमीज, पायात लोखंडी टोपणाचे सेफ्टी शूज आणि खांद्यावर दोन डबे, एक त्यांचा आणि एक जो कोणी डबा विसरला असेल त्याचा. बसमध्ये बसल्या की त्यांच्या आवाजाशिवाय दुसरं काही ऐकू येत नसे. आमचा चिनी ड्रायव्हर अंकल म्हणायचा, अरुणा असली की मी रेडिओ लावत नाही.

म्हणूनच तो आवाज कमी झाला तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं, असं आता वाटतं. पण तो एका दिवसात कमी झाला नाही. आधी त्या बसमध्ये डुलक्या घ्यायला लागल्या. मग बसच्या एसीत शाल आली, आणि काही दिवसांनी ती शाल कॅन्टीनमध्येही आली. बाहेर ऊन भाजून काढत असायचं आणि ताई हात चोळत बसलेल्या. चेहरा भरला, बोटांतली अंगठी निघेना, केस विंचरले की फणीत गुंता. नागपूरहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, वय होतंय. ताई चाळिशीच्याही नव्हत्या. मितूनं तर माझ्यासमोरच सांगून टाकलं, “आंटी, मम्मी सो लेझी नाऊ, लाह.” ताई त्यावर हसल्या, पण ते हसू तोंडावर आलं आणि लगेच गेलं.

मग ते गेजचं प्रकरण झालं. एके दिवशी सकाळी ताई कॅलिब्रेशनच्या खोलीत शिरल्या आणि आदल्या दिवशी आपण सही केलेला एक प्रेशर गेज पुन्हा मास्टरला लावून बघितला. कोणी सांगितलं नव्हतं. रात्रभर मनात खुटखुट होती म्हणे. गेज चुकीचा होता आणि वर त्यांची सही होती. तो अजून खोलीबाहेर गेला नव्हता, कोणाला कळलं नसतं. ताईंनी स्टिकर सोलून काढला आणि तो हातात घेऊन सरळ कारखान्याचे मॅनेजर मिस्टर लिम यांच्या केबिनमध्ये गेल्या. मी तिथे एका ऑर्डरसाठी बसले होते.

“सर, माझा सहीचा अधिकार काढून घ्या.”

लिमसाहेबांना काही कळेना. ताईंनी स्टिकर टेबलावर चिकटवला. “ही चूक मी पकडली. पुढची पकडेन याची खात्री मला नाही. माझं डोकं बरोबर चालत नाहीये. का, ते मला माहीत नाही. ते कळेपर्यंत माझ्या सहीवर विश्वास ठेवू नका.”

त्या नोकरीवरच त्यांचा सिंगापुरात राहायचा पास होता. सुधाकररावांचं कंत्राट दर वर्षी नव्यानं व्हायचं, त्याचा भरवसा नव्हता. सही गेली तर नोकरी किती दिवस टिकणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. लिमसाहेबांनी स्टिकर सोलून खणात ठेवला. मग म्हणाले, “अरुणा, तू आधी डॉक्टरकडे जा. सहीचं मी बघतो.”

डॉक्टरकडे जायचं ठरलं तरी दोन आठवडे गेले. डॉक्टरला सांगायचं काय? दमते म्हणून? कोण दमत नाही? निकाल लावला तो घरच्या आन्सरिंग मशीननं. ताईंनी दुपारी ऑफिसातून घरी फोन केला, मितू शाळेतून आली का बघायला. घरात कोणी नव्हतं. मशीन सुरू झालं आणि दोनतीन वर्षांपूर्वी त्यांनीच भरून ठेवलेला निरोप वाजला. “नमस्कार, आम्ही घरी नाही. निरोप ठेवा, आणि स्पष्ट बोला!”

ताईंनी फोन ठेवला. मग त्यांनी मला हाक मारली, पुन्हा नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला. “ऐक. ही कोण आहे?”

“तुम्हीच.”

“आणि ही?” त्या स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाल्या. आवाज घोगरा, जाड, जिभेवर ओझं ठेवल्यासारखा. रोज ऐकत होते मी, पण त्या दोन आवाजांतलं अंतर त्या क्षणापर्यंत मला कधी कळलं नव्हतं. “बघ, मास्टर घरातच होता,” ताई म्हणाल्या. “ताडून बघितलं नाही मी.”

दुसऱ्या दिवशी त्या सरकारी पॉलिक्लिनिकमध्ये गेल्या आणि तिथून मोठ्या इस्पितळात. गळ्याशी थोडी सूज होती, रक्त तपासलं आणि आजाराचं नाव मिळालं, हाशिमोटो. घशाशी असलेल्या थायरॉइड ग्रंथीवर शरीर स्वतःच हल्ला करतं, ग्रंथी मंदावते आणि तिच्याबरोबर माणूसही मंदावतं. ताईंना त्या दिवशी रडू आलं नाही. बसमध्ये शेजारी बसून त्या म्हणाल्या, “मी आळशी नव्हते गं.”

उपचार ऐकायला अगदी साधा होता. रोज सकाळी रिकाम्या पोटी एक गोळी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर तासभर काही नाही, चहासुद्धा नाही. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या असतील तर चार तास दूर. दीडदोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं आणि त्यावर डोस ठरवायचा. चहाचं ऐकून सुधाकररावच खचले. पहाटे उठल्या उठल्या बायकोला चहा देणं हा त्यांच्या संसारातला बहुधा सगळ्यात मोठा संवाद होता. तो तासभर पुढे ढकलला गेला. मग त्यांनीही आपला चहा तासभर पुढे ढकलला. कोणी सांगितलं नव्हतं.

गोळीनं लगेच काही झालं नाही. ताई अधीर होत्या, आणि अधीर माणसाला आपल्याकडे सल्ला फार लवकर सापडतो. कोबी बंद कर. फ्लॉवर बंद कर. गहू विष आहे. दूध सोड. सोयाबीनचं तर नावच नको. ताईंनी सगळं एकदम सोडलं. हॉकर सेंटरमध्ये आम्ही जेवायला गेलो की त्या प्रत्येक स्टॉलसमोरून फिरून परत यायच्या आणि पांढरा भात घेऊन बसायच्या. नागपूरची बाई, झणझणीत रश्शाची, आणि पुढ्यात कोरडा भात.

त्यात शैलाताई आल्या. शैलाताई म्हणजे आमच्या मराठी मंडळींतल्या वडीलधाऱ्या, मुंबईच्या, क्लेमेंटीजवळच्या एका कॉन्डोत राहणाऱ्या. कोणाचं बाळंतपण असो, कोणाच्या घरी आजारपण असो, डबा घेऊन पहिल्या हजर. त्यांच्या हाताला चव होती आणि मनात माया होती, म्हणूनच त्यांचं ऐकलं जायचं. दर महिन्याला घरी बायका जमवून त्या ‘आहार हेच औषध’ असा वर्ग घ्यायच्या. त्यांनी ताईंना समुद्री शेवाळाची भुकटी दिली. “थायरॉइडला आयोडीन लागतं, अरुणा. हे घे, गोळी आपोआप सुटेल.”

ताईंनी घेतली. गोळीही चालू ठेवली, हे नशीब. पुढच्या तपासणीत आकडे सुधारायच्या ऐवजी आणखी बिघडले. डॉक्टर एक शांत, बारीक चणीची चिनी बाई होती. तिनं विचारलं, गेल्या वेळेपासून काय बदललं? ताई सांगायला लागल्या. कोबी, गहू, दूध, सोया, शेवाळ. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

“तुम्ही काय काम करता?”

“कॅलिब्रेशन इंजिनिअर आहे.”

“असं? मग मला सांगा, यातल्या कशानं फरक पडला?”

हा प्रसंग ताई स्वतःच सगळ्यांना सांगायच्या, त्या डॉक्टरची नक्कल करून. “माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं त्या बाईनं! पाच स्क्रू एकदम फिरवले होते मी.”

डॉक्टरनं समजावलं ते असं. शेवाळात आयोडीन खूप असतं, आणि या आजारात जास्तीचं आयोडीन ग्रंथीला उलट त्रास देऊ शकतं. ते आधी बंद. शिजवलेला कोबी बेतानं खाल्ला तर काही बिघडत नाही. सोया खायला हरकत नाही, फक्त गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा. गव्हाची ज्यांना खरीच बाधा असते त्यांची गोष्ट वेगळी, त्याची तपासणी करता येते. ताईंची केली, बाधा नव्हती. नीट जेवा, झोपा, चाला, आणि गोळी चुकवू नका. “जेवण तुम्हाला ताकद देईल,” डॉक्टर म्हणाली. “पण ग्रंथी जे बनवू शकत नाही, ते गोळीच देणार.”

ताई घरी आल्या आणि सगळं पहिल्यासारखं केलं. फक्त शेवाळ गेलं. नंतर डोस थोडा वाढला. दोनतीन महिन्यांत शाल घरी राहिली. मग एक दिवस बसमध्ये अंकल ड्रायव्हरनं मागे वळून विचारलं, “अरुणा, यू ओके ऑलरेडी?” आणि सगळी बस हसली. लिमसाहेबांनी सही परत दिली, पण ताईंनी ती लगेच घेतली नाही. आणखी एक महिना दुसऱ्या इंजिनिअरकडून आपलं प्रत्येक काम तपासून घेतलं, मगच सहीला पेन उचललं.

इथपर्यंतची गोष्ट एका बाईच्या आजारपणाची. पण ताईंची खरी ओळख मला पटली ती रश्मीच्या वेळी.

रश्मी पुण्याची, आयटीत काम करणारी, लग्नाला चार वर्षं झालेली. तिलाही हाच आजार. एकदा गर्भ राहून गेला होता, त्यामुळे घरात कोणी त्या विषयावर बोलायचं नाही. बुद्धपौर्णिमेला ताईंच्या घरी आम्ही सगळे खिरीला जमलो होतो. रश्मी स्वयंपाकघरात वाट्या पुसत होती. ताईंनी तिच्याकडे एकदा बघितलं, दोनदा बघितलं.

“काय गं, थंडी वाजून राहिली काय तुला?”

रश्मी लाजली आणि मग हळूच सांगितलं की दिवस गेले आहेत, अजून कोणाला सांगितलं नाहीये. ताईंचा चेहरा फुलला. “अगं बाई! डॉक्टर काय म्हणाले? डोस वाढवला?”

“गोळी बंद केली मी, ताई. तीन आठवडे झाले. पोटात बाळ असताना औषध नको, असं शैलाताई म्हणाल्या. त्यांनी सगळा आहार लिहून दिलाय.”

ताईंनी हातातला डाव खिरीच्या पातेल्यात सोडला. बाहेरच्या खोलीत शैलाताई बसल्या होत्या, चारचौघींत. ताई तिथे जाऊन काही बोलतील अशी मला धास्ती वाटली. त्या गेल्या नाहीत. रश्मीसमोर स्टूल ओढून बसल्या आणि मी कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात बोलल्या.

“रश्मी, ऐक. हे बाहेरचं औषध नाही. तुझ्या शरीरानं जे बनवायचं ते त्याला जमत नाही, म्हणून ते गोळीतून द्यायचं. आता तुला दोन जीवांचं लागणार. पहिले महिने बाळ सगळं तुझ्याकडूनच घेतं. मला डॉक्टरनं सांगितलंय म्हणून मला माहीत. पण तू माझं ऐकू नको. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. आत्ता माझ्याबरोबर चल आणि डॉक्टरला विचार.”

“आत्ता? घरी पाहुणे आहेत तुमच्या.”

“पाहुण्यांना खीर वाढायला हे आहेत ना!”

सुधाकररावांनी आत येऊन डाव उचलला. ताई, रश्मी आणि मी टॅक्सीनं इस्पितळात गेलो. रश्मी सगळा रस्ता ताईंचा हात धरून बसली होती. तपासणीचा आकडा वाईट होता, खूप वाईट. ड्यूटीवरची डॉक्टर रागावली नाही. त्याच दिवशी गोळी सुरू केली, नेहमीपेक्षा जास्त, आणि दर महिन्याला रक्त तपासायला सांगितलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये रश्मी म्हणाली, “ताई, उशीर तर नाही झाला?”

दुसरी कोणी असती तर ‘काही होत नाही गं’ म्हणाली असती. ताई म्हणाल्या, “माहीत नाही. पण आजपासून जे करायचं ते बरोबर करू.” का कोण जाणे, रश्मीला धीर आला तो त्या ‘माहीत नाही’नंच.

दुसऱ्या दिवशी ताई एकट्या शैलाताईंकडे गेल्या. भांडायला नाही, असं मला सांगून गेल्या, तरी झालं ते भांडणच. शैलाताईंना वाटलं, आपल्या मायेवरच बोट ठेवलं गेलं. “मी कोणाचं वाईट चिंतलंय का गं कधी?” त्या रडायला लागल्या.

“नाही. म्हणूनच तर सगळ्या तुमचं ऐकतात,” ताई म्हणाल्या. “माझंही त्या शेवाळानं बिघडलं होतं. तेव्हा मी तुम्हाला येऊन सांगितलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले. मी तेव्हा बोलले असते तर रश्मीपर्यंत हे पोचलं नसतं.”

शैलाताईंनी सातआठ महिने अबोला धरला. मराठी मंडळींत दोन तट पडले, गोळीवाले आणि आहारवाले. ताईंना कार्यक्रमांची बोलावणी येईनाशी झाली. ताईंनी कोणाशी वाद घातला नाही. दर महिन्याला सुट्टी टाकून रश्मीबरोबर इस्पितळात जायच्या, आणि आकडा सुधारला की संध्याकाळी मला फोन करून नुसतं म्हणायच्या, “आला जागेवर.”

रश्मीला मुलगी झाली. वजन चांगलं, आवाज खणखणीत. तिथे बाळ जन्मल्यावर लगेच थायरॉइड तपासतात, तीही नीट. इस्पितळात बाळ बघायला आम्ही गेलो तेव्हा दारातच शैलाताई भेटल्या, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. दोघी एकमेकींसमोर उभ्या. मी उगाच भिंतीवरची सूचना वाचायला लागले.

“अरुणा,” शैलाताई म्हणाल्या, “हे लाडू हिला चालतील का? विचारून घेतलं पाहिजे ना आता.”

“न चालायला काय झालं?” ताई म्हणाल्या. “पण हळीव असतील ना यात? लोह असतं त्यात बक्कळ. गोळीनंतर चार तासांनी खायला सांगा. आणि मला दोन द्या, माझी गोळी सकाळीच झालीय.”

पुढच्या महिन्यात शैलाताईंनी वर्ग घेतला तेव्हा ताईंना शेजारी बसवलं. आणि स्वतःच सुरुवात केली, “मी तुम्हाला जेवायला शिकवते. औषध डॉक्टर देतात. जिची गोळी चालू आहे तिनं माझं ऐकून ती बंद केली, तर मी तिला पुन्हा घरात घेणार नाही.” मग दोन तास त्यांनी भाकरी, डाळी, अंडी, मासे, पालेभाज्या यांवर जे काही सांगितलं, त्यातलं मी आजही करते. ताई मागे टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच एकीनं विचारलं, “मग थायरॉइडला नक्की काय खायचं?” तेव्हा डोळे उघडून म्हणाल्या, “भूक लागेल ते, बाई. पण तासाभरानं.”

काही वर्षांनी सुधाकररावांना नागपूरला कायमची नोकरी मिळाली. मितूनं खूप आदळआपट केली, आणि मग नागपुरात मोठी खोली मिळणार म्हटल्यावर तयार झाली. ताईंनी आपल्या जागी दोन मुलींना तयार केलं, मास्टर गेज त्यांच्या हवाली केला आणि राजीनामा दिला. जायच्या आधीच्या रविवारी आम्ही सगळे पुलाउ उबीन बेटावर गेलो. दिवसभर सायकली चालवल्या. ताई चढावर सगळ्यांच्या पुढे, आणि उतारावर “बाजू, बाजू!” असं मराठीत ओरडत, चिनी-मलय सगळी मंडळी आपोआप बाजूला होत होती.

संध्याकाळी परतताना धक्क्यावर ही गर्दी. तिथल्या लाकडी बोटी बारा माणसं झाल्याशिवाय सुटत नाहीत. समोरच्या बोटीत अकरा जण बसले होते आणि नावाडी ओरडत होता, “वन मोर, वन मोर!” आम्ही सगळे एकत्र जायचं म्हणून थांबलो होतो. ताईंनी एकदा बोटीकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. “त्यांना कशाला खोळंबून ठेवायचं? मी होते पुढे,” म्हणाल्या आणि कोणी काही बोलायच्या आत उडी मारून आत जाऊन बसल्यासुद्धा.

बोट सुटली. इंजिनाच्या धडधडीत काही ऐकू येत नव्हतं. ताईंच्या शेजारी एक वयस्क चिनी बाई बसली होती, पायाशी भाज्यांची पिशवी. तिच्या गळ्याशी चांगलीच सूज होती, धक्क्यावरूनही दिसत होती. ताई तिच्याकडे वाकून काही विचारत होत्या. त्या बाईनं आधी मान हलवली, मग हात वर करून आपल्या गळ्याला लावला. ताईंनी तिचं मनगट धरून तिचा हात थोडा खाली सरकवला, बरोबर जागेवर, आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या गळ्यावर ठेवलं. ती बाई आता लक्ष देऊन ऐकत होती. बोट वळली तेव्हाही दोघी तशाच बसलेल्या होत्या, एकमेकींकडे तोंड करून, आणि ताई बोलतच होत्या.